नऊ दिवसांचा मूळपुरुष

माझं नाव ओत्गोन. म्हणजे शेंडेफळ.
आईला वाटलं होतं, आता पुरे.
माझ्या पाठीवर आणखी दोघं झाली.
तेव्हापासून नावाच्या शब्दावर
माझा फारसा भरवसा नाही,
आणि नोकरी लागली ती नेमकी नावं लिहायची.

अल्तायच्या पायथ्याशी एक खोली,
शेणीवर धुमसणारी शेगडी,
शाई गोठू नये म्हणून दौत काखेत.
त्या हिवाळ्यात राजधानीहून हुकूम आला:
सत्तर वर्षांपूर्वी पुसलेली कुळांची नावं
प्रत्येकाने पुन्हा लावावीत.
आठवत नसतील त्यांनी निवडावीत.
निवडावीत!
जशा काही बाजारात मांडलेल्या टोप्या.
अर्ध्या तालुक्याने बोर्जिगिन घेतलं, खानाचं कूळ.
आमच्या घरानेही. फुकटच होतं.
शाळेचा शिपाई, खाटीक, ट्रक दुरुस्त करणारा गान्सुख,
आठवड्याभरात सगळे राजवंशी.

मग तो आला. खांद्यांवर बर्फ तसंच.
नाव?
नेरगुइ.

नेरगुइ म्हणजे 'नाव नाही'.
परदेशी साहेब असता तर त्याने
रकाना कोराच सोडला असता.
आमच्याकडे असतात अशी नावं.
एनेबिश, हा नव्हे.
तेरबिश, तोही नव्हे.
हुनबिश, हा तर माणूसच नव्हे.
मूनोहोइ, वाईट कुत्रं.
ज्या घरात पाळणा टिकत नाही
तिथे मूल झालं की
त्याला नुसती नावं ठेवायची,
नाव ठेवायचं नाही.
मरणाचा मालक एर्लिक दाराशी येतो,
विचारतो, कोण आहे आत?
कोणी नाही. हा नव्हे. कुत्रं आहे.
आणि तो यादी चाळत
पुढच्या तंबूकडे जातो.
तोही माझ्यासारखा कारकूनच असावा.

"तुमच्या आधी किती गेले?"
फॉर्मवर नव्हता हा प्रश्न.
"तीन," तो म्हणाला. "त्यांची नावं मात्र चांगली होती.
तोमोर, लोखंड. एक हिवाळा.
चुलून, दगड. चार महिने.
थोरला मुन्ख, चिरंतन.
नऊ दिवस.
आणि मी, बिननावाचा,
या वसंतात एकाहत्तर."

"मग आई हाक कशी मारायची?"

तो शेगडीकडे बघत राहिला.
"हाक मारायची नाही. टाळू हुंगायची.
बाहेर कोणी ऐकत असेल म्हणून
माझं खरं नाव तिने
श्वासाबरोबर आत ओढून घेतलं.
परत बाहेर सोडलंच नाही.
मीही विचारलं नाही कधी."

मी पेन उचललं.
"कुळाचं काय? बोर्जिगिन लिहू? सगळे तेच घेतात."
तो टेबलावर वाकला, इतका
की टोपीवरचं बर्फ वहीत ठिबकलं,
आणि दबक्या आवाजात म्हणाला,
"मुन्ख लिहा."

नियमात बसतं का, मी पुस्तक उलटून पाहिलं.
मूळपुरुषाला दात असावे लागतात
असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.
लिहिलं. थेंबात शाई पसरली,
शेवटच्या अक्षराला शेपूट फुटलं.

आज त्या कुळात अकरा नातवंडं आहेत.
एक नात सोलला, वेल्डिंगच्या कारखान्यात.
तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर
कोरियन अक्षरांत
नऊ दिवसांचं ते बाळ
रोज सकाळी हजेरी लावतं.

त्या दिवशी सही म्हणून अंगठा उठवून तो बाहेर गेला.
घोडा उभा होता.
घोड्यांना आम्ही नावं देत नाही,
रंगावरून ओळखतो.
त्याने घोड्याच्या कानाशी तोंड नेलं,
काहीतरी म्हणाला.
खिडकी बंद होती, मला ऐकू आलं नाही.
बरं झालं.
मी लिहून घेतलं असतं.